मतदारयादीबाहेरच्या बायका : कोकणातल्या एका नगरसेविकेचं प्रकरण

हे प्रकरण रत्नागिरी-सिंधुदुर्ग किनाऱ्यावरच्या एका नगरपरिषदेतलं आहे. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. नगरसेविकेचं नाव इथे येणार नाही. प्रभागात लहानथोर त्यांना 'वहिनी' म्हणतात, तेच इथे ठेवलं आहे. नव्याने निवडून आलेल्या बायकांपुढे हे प्रकरण मांडण्याचं कारण एकच : कायदा, ठराव, पक्ष आणि मतदार हे चारही एकाच वेळी चार दिशांना ओढू लागले की लोकप्रतिनिधीचं काय होतं, ते इथे उघड दिसतं.

पार्श्वभूमी

वहिनींची सुरुवात बचत गटातून झाली. गटाचं वहीखातं लिहिणं, बँकेत खेपा घालणं, कर्ज थकवणाऱ्या बाईच्या घरी जाऊन आधी चहा घेणं आणि मग विषय काढणं, अशी ती शाळा. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमधलं महिला आरक्षण 2011 मध्ये 33 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर गेलं. त्याच वर्षाअखेरीच्या नगरपरिषद निवडणुकीत त्यांचा प्रभाग सोडतीत महिलांसाठी निघाला. पक्षाला उमेदवार हवी होती, गटाच्या निमित्ताने घराघरात ओळख असलेली ही बाई समोर होती. तिकीट मिळालं, निवडूनही आल्या.

सुरुवातीला ठेकेदार फोन करायचे ते त्यांच्या यजमानांना. यजमान एसटीत चालक. त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "मी गाडीवर आहे, तिलाच विचारा." या एका वाक्याने वहिनींचं किती काम सोपं केलं ते ज्यांच्या घरात 'नगरसेविकापती' तयार झाले त्यांनाच कळेल.

पहिल्या कारकिर्दीत त्या महिला व बालकल्याण समितीच्या सभापती झाल्या. अंदाजपत्रकात महिला व बालकल्याणासाठी राखलेला निधी दरवर्षी शिवणक्लास आणि ब्यूटी पार्लरच्या प्रशिक्षणावर खर्च पडायचा. वहिनींनी विचारलं, मच्छीमार्केटात बायकांसाठी मुतारी का नाही? उत्तर आलं, ते बांधकाम झालं, या लेखाशीर्षात बसत नाही. त्या दिवसापासून त्यांनी अंदाजपत्रक वाचायला घेतलं. आधी मुख्य लिपिकाच्या शेजारी बसून, मग एकट्याने. पुढच्या प्रकरणात त्यांच्या हाती जे होतं त्याचा पाया या वाचनात आहे, भाषणात नाही.

2016 च्या नोव्हेंबरात, नोटाबंदीच्या गडबडीत, त्या दुसऱ्यांदा निवडून आल्या. मतांचा फरक या वेळी थोडा होता.

अडचण

शहराच्या मच्छीमार्केटात दोन प्रकारच्या बायका बसतात. ओट्यांवरच्या तिसेक जणी, ज्यांचे ओटे नगरपरिषदेच्या नोंदीत आहेत. आणि बाहेर, रस्त्याच्या कडेला, पाटी टेकून बसणाऱ्या त्याच्या दुपटीहून जास्त. यात खारवी, गाबीत, भंडारी आहेत, मुसलमान दालदी बायका आहेत. बाहेरच्यांतल्या बऱ्याच जणी खाडीपलीकडच्या गावांतून पहाटेच्या एसटीने येतात. लिलावात माल घ्यायचा, दुपारपर्यंत विकायचा, उरलेला बांगडा गल्लीबोळ फिरून संपवायचा आणि संध्याकाळची गाडी पकडायची.

2018 मध्ये जुनं मार्केट पाडून तिथे संकुल बांधायचं ठरलं. तळाला मासळी बाजार, वर दुकानगाळे. शासनाचं विशेष अनुदान येणार होतं आणि ते वेळेत खर्ची पडायला हवं होतं. बांधकाम होईपर्यंत सगळ्यांना शहराबाहेर, डेपोच्या पुढच्या मोकळ्या जागेत हलवायचं. तिथे सावली नाही, पाणी नाही, गिऱ्हाईक पायी येईल असं अंतर नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नव्या इमारतीच्या आराखड्यात ओटे होते नोंदलेल्या बायकांपुरते. बाहेर बसणाऱ्या आराखड्यात कुठेच नव्हत्या. त्या बेकायदा आहेत, हे जणू धरूनच चाललं होतं.

स्थलांतराचा विषय सभेच्या विषयपत्रिकेवर नव्हता. तो 'आयत्या वेळचा विषय' म्हणून शेवटी आला, जेव्हा अर्धे सदस्य पिशव्या उचलत होते. वहिनी सत्ताधारी पक्षातल्याच. त्या उभ्या राहिल्या, विरोध केला, अध्यक्षांनी "नोंद घेऊ" म्हटलं आणि सभा संपली.

पुढच्या सभेचा पहिला विषय नेहमीप्रमाणे मागील सभेचं इतिवृत्त, म्हणजे सभेत काय झालं त्याची लेखी नोंद, कायम करणे. हा विषय कुणी वाचत नाही. वहिनींनी वाचला. स्थलांतराच्या ठरावाखाली लिहिलं होतं, 'सर्वानुमते मंजूर'.

पहिला निर्णय : विरोध कागदावर आणणं

या घडीला गप्प बसणं सोपं होतं. ठराव तर झालाच होता, आणि इतिवृत्तावरून वाद घालणं म्हणजे अध्यक्षांना खोटं ठरवणं, तेही आपल्याच पक्षाच्या आणि थेट लोकांतून निवडून आलेल्या. पण वहिनींचं गणित साधं होतं. इतिवृत्त एकदा कायम झालं की त्यांचा विरोध झालाच नव्हता, असा त्याचा अर्थ. उद्या कुणी कोर्टात किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं तर पहिला कागद तोच निघणार.

त्यांनी आधीच लिहून आणलेलं अर्ध्या पानाचं पत्र मुख्याधिकाऱ्यांच्या हातात दिलं आणि ते इतिवृत्ताला जोडल्याशिवाय इतिवृत्त कायम करू नये, असं म्हटलं. बराच आवाज झाला. शेवटी दुरुस्ती झाली. त्या संध्याकाळी पक्षाच्या कार्यालयातून बोलावणं आलं.

माझ्या मते या सबंध प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा अर्धा तास. पुढचं सगळं त्या अर्ध्या पानावर उभं राहिलं.

समोरचे पर्याय

आता पुढे काय करायचं, यावर वहिनींच्या घरी बऱ्याच बैठका झाल्या. ओट्यावरच्या दोघीतिघी, बाहेरच्या चारपाच, बचत गटाच्या संघातल्या एक बाई आणि तालुक्याचे एक वकील.

मोर्चा काढावा असं बाहेरच्या बायकांचं म्हणणं. मासळीच्या पाट्या घेऊन नगरपरिषदेच्या दारात बसायचं. वर्तमानपत्रात फोटो छापून आला असता हे नक्की. पण ओट्यावरच्या बायका त्यात येणार नव्हत्या. त्यांना नव्या इमारतीत ओटा मिळणार होता, त्या कशाला बिघाड करतील? आणि ओटेवाल्या नाहीत म्हटल्यावर शहरात चर्चा एकच झाली असती : बघा, कायद्याने बसणाऱ्यांना काही अडचण नाही.

हायकोर्टात जावं असं वकिलांचं मत. खर्च आणि वेळ दोन्ही अवघड.

तिसरा पर्याय वहिनींना अंदाजपत्रकाच्या सवयीने सापडला, म्हणजे मूळ कायदा वाचून. पथविक्रेत्यांचा केंद्राचा कायदा 2014 चा. त्याच्या कलम 3 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की सर्वेक्षण पूर्ण होऊन सर्व विक्रेत्यांना प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणालाही हटवता किंवा हलवता येणार नाही. शहरात सर्वेक्षण झालंच नव्हतं. शिवाय त्याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे की जिथे 50 वर्षांहून जास्त काळ विक्री चालू आहे असे नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावेत आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये.

दुसरीकडे, नगरपरिषद अधिनियम 1965 च्या कलम 308 खाली बेकायदा किंवा लोकांना त्रासदायक ठरणाऱ्या ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी स्थगित करू शकतात. दोन्ही कलमं एकत्र ठेवली की रस्ता दिसत होता.

कोकणातल्या माणसाला ठराव आणि अंमल यांतलं अंतर नव्याने सांगायला नको. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव 1924 मध्ये केला होता. पाणी प्यायला मिळालं नाही. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकरांच्या मागे हजारो माणसं तळ्यावर गेली तेव्हा तो ठराव पहिल्यांदा खरा झाला, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने तो मागेही घेतला. न्यायालयाचा शेवटचा निकाल यायला 1937 उजाडलं. इथे प्रकरण उलटं होतं : चुकीचा ठराव अंमलात येऊ द्यायचा नव्हता. पण नाडी तीच.

दुसरा निर्णय : अर्ज कुणाच्या नावाने

वहिनींनी स्वतः अर्ज केला असता तर पक्षाविरुद्ध गेल्याचा शिक्का लागला असता. पुढे पक्षादेश (मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, व्हिप) निघाला आणि तो मोडला तर 1986 च्या अनर्हता कायद्याखाली सदस्यत्वच जाण्याची भीती. म्हणून अर्ज बाहेर बसणाऱ्या बायकांच्या नावाने गेला. मजकूर वहिनींच्या बैठकीत ठरला, सह्या आणि अंगठे बायकांचे.

हे नुसतं डोकं चालवणं नव्हतं. बायकांनी स्वतः जिल्हाधिकारी कार्यालयात उभं राहून बोलावं असं वहिनींना खरंच वाटत होतं. तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, बसता कशाच्या आधारावर? एका म्हाताऱ्या बाईने प्लास्टिकच्या पिशवीतून बाजार फीच्या पावत्यांचा गठ्ठा काढला. सासूच्या वेळेपासूनच्या. वाचता येण्यासारखी सर्वांत जुनी 1967 ची. "नगरपालिकेने पैसे घेतले ना साहेब? मग आमी बेकायदा कशा?"

पावत्यांत एक मेख होती. त्यांवर रक्कम होती, तारीख होती, शिक्का होता; नाव नव्हतं. बाजार तिथे 50 वर्षांहून जुना आहे हे सिद्ध होत होतं, पण कोण बसत होतं ते नाही. पुढे ठेकेदारी आल्यावर तर पावतीवर ठेकेदाराचाच शिक्का. म्हणूनच सर्वेक्षण निर्णायक ठरणार होतं.

2019 च्या सुरुवातीला सर्वेक्षण होईपर्यंत अंमलबजावणीला स्थगिती मिळाली. पाठोपाठ लोकसभेची आचारसंहिता लागली आणि सगळंच थांबलं.

सर्वेक्षणाची तारीख

इथे जरा थांबायला हवं, कारण हरण्याची सर्वांत जास्त शक्यता इथेच होती.

सर्वेक्षणाचं काम एका संस्थेला दिलं गेलं. त्यांची माणसं येणार होती जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी अकरानंतर. कागदावर यात काहीच वावगं नाही. पण महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या ओढून ठेवलेल्या, लिलाव बंद, बाहेरच्या बायकांपैकी सुकी मासळी विकणाऱ्या तुरळक जणीच बाजारात. त्या दिवशी मोजणी झाली असती तर शहरात पथविक्रेत्या कोळणी जवळजवळ नाहीतच असा अधिकृत कागद तयार झाला असता, आणि तो पुढची पाच वर्षं चालला असता. कुणी हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. वेळापत्रक आखणाऱ्याने समुद्राचं कॅलेंडर पाहिलं नव्हतं, इतकंच.

वहिनींनी सभागृहात आरडाओरडा केला नाही. मत्स्यव्यवसाय खात्याच्या बंदी आदेशाची प्रत मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवली आणि नारळी पौर्णिमेनंतरची तारीख मागितली. सोबत वेळही : एकदा सकाळी सातला, एकदा संध्याकाळी होड्या लागल्यावर. ते मान्य झालं. दुसरी अडचण आधारला जोडलेल्या मोबाइलची. नोंद ॲपवर होणार होती आणि कितीतरी बायकांचा नंबर मुलाच्या नावावर, मुलगा मुंबईला. बचत गटाच्या पोरींनी दोन आठवडे आधी आधार केंद्रावर रांगा लावून शक्य तितके नंबर जोडून घेतले.

ऑगस्टअखेर मोजणी झाली. बहुतेक बायका यादीत आल्या. पलीकडच्या गावांतल्या, हंगामातच येणाऱ्या काही जणी राहिल्या.

तिसरा निर्णय : पक्षादेश आणि उपसूचना

फेब्रुवारी 2020 मध्ये सुधारित ठराव आला. तात्पुरती जागा डेपोऐवजी जेटीच्या रस्त्यालगत, म्हणजे गिऱ्हाइकाच्या टप्प्यात. पण जागा मिळणार होती फक्त ओटेधारकांना. पक्षाने लेखी पक्षादेश काढला.

विरोधात मत दिलं तर सदस्यत्व धोक्यात. तटस्थ राहिलं तरी कायद्यात तेच. वहिनींनी मतदानाआधी उपसूचना मांडली : सर्वेक्षणाच्या यादीतल्या बायकांना तात्पुरत्या जागेत क्रमांक टाकून आखलेल्या जागा द्याव्यात. विरोधी पक्षाने लगेच अनुमोदन दिलं, त्यांना सत्ताधाऱ्यांतली फूट दाखवायची होतीच. अध्यक्षांना मतदान नको होतं. उपसूचनेसह ठराव मंजूर झाला आणि वहिनींनी पक्षादेशाप्रमाणे बाजूने मत दिलं.

यादीबाहेर राहिलेल्या बायकांना हा विश्वासघात वाटला. त्यांच्यातल्या एकीने भर बाजारात सुनावलं, "तुमचा हात वर गेला वहिनी, आमी बघितला." मला हा निर्णय बरोबर वाटतो, पण सोपा वाटत नाही. वारसा बाजाराचा मुद्दा लावून धरला असता तर कदाचित जागाच हलली नसती. वहिनींनी तो मुद्दा सौद्यात सोडला, आणि सोडताना ज्यांचा तो होता त्यांना विचारलं नाही. सभेच्या आदल्या संध्याकाळी वेळ नव्हता हे खरं. पण आठवडाभर आधी होता.

काय झालं

मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि बाजारच बंद पडला. जूनच्या 3 तारखेला निसर्ग वादळ, पुढच्या मे महिन्यात तौक्ते. सर्वेक्षणाची यादी मात्र कुणाच्या ध्यानीमनी नसताना कामाला आली. 2020 च्या मध्याला पंतप्रधान स्वनिधी योजना सुरू झाली, पथविक्रेत्यांना पहिलं कर्ज 10,000 रुपयांचं. यादीत नाव असणाऱ्या बायकांना बँकेत उभं राहता आलं. यादीबाहेरच्यांसाठी नगरपरिषदेच्या शिफारसपत्राची सोय होती. ती पत्रं काढून घेण्यात वहिनींचे कित्येक महिने गेले, आणि फेब्रुवारीचा राग थोडा तिथे निवला.

2021 च्या अखेरीस नगरपरिषदेची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद आणि प्रभागरचना यांत निवडणुका लांबल्या आणि राज्यभर प्रशासक आले. जुन्या सदस्यांना बैठकीत बसायचा अधिकार उरला नाही. 2022 मध्ये स्थलांतर झालं. जेटीच्या रस्त्यावर पत्र्याची शेड ओटेवाल्यांसाठी, आणि बाहेर पिवळ्या रंगाने आखलेले चौकोन, क्रमांकासकट. उपसूचना शब्दशः पाळली गेली. पण विक्री प्रमाणपत्रं सगळ्यांना मिळाली नाहीत, आणि पथविक्रेत्यांच्या कायद्याखालच्या शहर फेरीवाला समितीतल्या विक्रेत्यांच्या जागा निवडणुकीविना रिकाम्या राहिल्या. कायद्याने त्या समितीत 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले हवेत, त्यात एक तृतीयांश बायका. ती समिती असती तर प्रशासकाच्या काळातही बाजाराच्या बायकांना अधिकृत खुर्ची राहिली असती.

डिसेंबर 2025 मध्ये अखेर निवडणूक झाली. वहिनींचा प्रभाग आरक्षणात बदलला. त्यांनी शेजारच्या प्रभागातून तिकीट मागितलं, पक्षाने दिलं नाही. अपक्ष उभ्या राहिल्या आणि पडल्या.

वेगळं काय करता आलं असतं

हरण्याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. ज्या बायकांसाठी त्या लढल्या त्यांतल्या निम्म्याहून जास्त शहराच्या मतदारच नाहीत. त्या खाडीपलीकडच्या ग्रामपंचायतींच्या मतदार. आणि ज्यांची मतं होती त्या बाजाराजवळच्या सोसायट्यांतल्या लोकांच्या डोक्यात वहिनींची ओळख 'मच्छीवाल्यांची बाई' अशी झाली होती. त्यांची तक्रार वेगळी होती : गटारात साचणारं माशांचं पाणी, सकाळी अडलेला रस्ता, वास. ही तक्रार खोटी नव्हती. ती वहिनींच्या कामात कधी शिरलीच नाही.

खरं म्हणजे दोन्ही बाजूंना हवं होतं ते एकच काम : निचऱ्याची वेगळी नाली, धुण्याला पाणी, बर्फ उतरवायला जागा, कचऱ्याची रोजची गाडी. 2018 मध्येच हे एकत्र मागितलं असतं तर सोसायटीवाले आणि पाटीवाल्या एका अर्जावर आले असते. रोजचं गिऱ्हाईकही तेच लोक होते. सुरमई कुणाकडून घ्यायची हे ठरलेल्या बाईवर अवलंबून असणारी घरं तिथे कमी नाहीत. त्यांतल्या एकाचीही सही जिल्हाधिकाऱ्यांकडच्या अर्जावर नाही.

दुसरी गोष्ट समितीची. स्थगिती हातात असताना, 2019 मध्ये, प्रमाणपत्रं आणि समितीची निवडणूक यांचा पाठपुरावा सर्वेक्षणाइतक्याच चिवटपणे व्हायला हवा होता. वहिनींचं म्हणणं, विधानसभेची आचारसंहिता लागली आणि नंतर करोना आला. दोन्ही खरं. पण मधल्या महिन्यांत त्यांचा सगळा वेळ पक्षातली आपली जागा सांभाळण्यात गेला, हेही त्यांनीच सांगितलं. नगरसेविकेच्या डोक्यात आणि फायलीत असलेलं ज्ञान तिच्या मुदतीबरोबर संपतं. कलम 3 काय म्हणतं ते आज बाजारात दोघीतिघींनाच सांगता येतं.

ओटेवाल्या आणि बाहेरच्या यांच्यातली फट शेवटपर्यंत बुजली नाही. शेड विरुद्ध चौकोन, यात ती आणखी रुंदावली. निदान शेडची जागा आखताना दोन्हीकडच्या बायका समोरासमोर बसायला हव्या होत्या, असं वहिनींना आता वाटतं.

सध्याची स्थिती

नवं संकुल निवडणुकीपर्यंत पूर्ण झालं नव्हतं. वहिनी बचत गटांच्या शहर संघात काम करतात. पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण दर पाच वर्षांनी निदान एकदा व्हायला हवं असं कायदा सांगतो, म्हणजे या शहराचं पुढचं सर्वेक्षण थकलेलंच आहे. त्यासाठी केलेला अर्ज नव्या मुख्याधिकाऱ्यांकडे आहे. या वेळी त्यावर पहिली सही पलीकडच्या गावातल्या, मागच्या यादीत राहून गेलेल्या बाईची आहे, आणि मोजणीची तारीख जून-जुलै सोडून धरावी असं अर्जातच लिहिलं आहे. मार्केटातली बायकांची मुतारी नव्या आराखड्यात आहे. जेटीच्या रस्त्यावर अजून नाही.